मायगाठ आणि रिकामा दगड

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि माणसं त्यांना नुसतं अलीकडचा, पलीकडचा असं म्हणत.

अशा दोन डोंगरांच्या मध्ये एक खोल दरी होती. दरीच्या तळाशी नदी होती. अलीकडे एक गाव, पलीकडे एक गाव. अलीकडे भात पिकायचं, आणि पलीकडच्या वाटेनं समुद्राकडून मीठ यायचं. भात तिकडे आणि मीठ इकडे नेणारी वाट एकच होती. वाखाच्या चिवट तंतूंचे दोर वळून केलेला झुलता पूल, म्हणजे साकव.

पावसाळ्यात दोर कुजत. म्हणून दरवर्षी पाऊस सरला की जुने दोर उतरवायचे आणि नवे चढवायचे. पलीकडे दोर वडाच्या बुंध्याला वेढे घालून पक्के होत. अलीकडे वड नव्हता. अलीकडे एक दगडी खांब होता, आणि साऱ्या साकवाचा भार त्या खांबावर बांधलेल्या एका गाठीवर येई. तिला मायगाठ म्हणत.

मायगाठ बांधायचा मान येसक्काच्या घराकडे होता.

ही गाठ एकट्यानं बांधायची नसते. खांबाच्या दोन बाजूंना दोन बसके दगड होते. एकावर येसक्का बसे, दुसऱ्यावर तिचा नवरा. तो ओढी, ती दाबी. मग ती ओढी, तो दाबी. असे सात वेढे. शेवटच्या वेढ्याला दोर आपल्या जागी बसताना एक बारीकशी थरथर उठते, आणि ती फक्त अंगठ्याला कळते. ती कळली की येसक्का म्हणे, "बसली."

आणि नवरा म्हणे, "बसली तर ऊठ, भाकरी गार होतेय."

पंचवीस वर्षं त्यांचं त्या जागी एवढंच बोलणं होत असे. पंचवीस वर्षं साकव पडला नव्हता.

मग एका उन्हाळ्यात तिचा नवरा तीन दिवसांच्या तापानं गेला.

येसक्का लोकांसमोर रडली नाही. पाऊस सरल्यावर नवे दोर चढले, तेव्हा गावातला एक जण मदतीला म्हणून समोरच्या दगडावर बसला. येसक्का त्याला म्हणाली, "ऊठ. तो दगड रिकामा नाही."

तो उठला. येसक्कानं इकडे बसून दोर ओढला, उठून पलीकडे जाऊन तो दाबला, पुन्हा इकडे आली. दोन माणसांचं काम तिनं एकटीनं केलं. त्यानंतर त्या दगडावर कुणी बसलं नाही. शेळी जरी चढली, तरी येसक्का खडा मारायची.

त्याच हिवाळ्यात तिचे हात दुखायला लागले.

आधी बोटांची पेरं सुजली. उजव्या हाताची सुजली तशीच डाव्या हाताचीही, जणू दोन्ही हातांनी आपसात ठरवलं होतं. मग मनगटं धरली. सकाळी उठल्यावर मुठी उघडायच्याच नाहीत. येसक्का सगळ्यांच्या आधी उठे, चुलीजवळ बसे आणि कोमट राखेवर हात धरून वाट बघत राही. अंगणातलं ऊन सरकत सरकत विहिरीच्या काठापर्यंत आलं, की मग कुठं बोटं सुटी होत.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. हात दुखतात म्हटलं तर लोक म्हणणार, आता समोर कुणाला तरी बसव. ते तिला नको होतं. म्हणून ती पाण्याचा तांब्या दोन्ही तळव्यांत धरून प्यायची आणि सुनेला म्हणायची, "आज तूच दळण घे गं, माझी कंबर धरलीय."

पण सूज काही लपत नाही. एक दिवस शेजारची ठमाकाकू अंगणात आली. ठमाकाकू कुंभाराघरची, माती तुडवून तुडवून अंगानं दणकट, आणि जीभ तिच्या हातांहूनही दणकट.

"येसे, हाताला काय झालं गं?"

"गांधीलमाशी चावली."

"दोन्ही हातांना?"

"दोन माश्या होत्या."

"आणि दोघींनी एकेक हात वाटून घेतला?" ठमाकाकू म्हणाली. "शहाण्या माश्या हो! आमच्या घरातली माणसं अशी वाटून खातील तर काय पाहिजे!"

येसक्का हसली नाही. पण पोळ्यात दगड पडावा तशी बातमी गावात पसरली, आणि जो तो औषध घेऊन आला. एकीनं कोरफड आणली. एकानं तांब्याचं वळं दिलं. एक म्हातारा तर म्हणाला, की दोन माश्यांनी चावलंय तर तिसरी चाववून घे, उतारा होईल. येसक्का सगळ्यांना बरं बरं म्हणाली आणि वळं कोनाड्यात ठेवून दिलं.

तिची सून मंजुळा मात्र काही बोलली नाही. ती रोज पहाटे डोळे मिटून पडून राहायची आणि सासू चुलीजवळ बसलेली ऐकायची. तिचा नवरा, येसक्काचा मुलगा, पलीकडच्या गावचे बैल घेऊन समुद्राकडे मिठाला गेला होता, तो साकव झाल्यावरच परतायचा होता. घरात दोघी बायका आणि तीन वर्षांची चिमी. शेवटी पावसाळा संपत आला तेव्हा मंजुळा म्हणाली, "आत्याबाई, चला. वैदीणआजीकडे जाऊन येऊ."

"मला काही झालेलं नाही."

"मग माझ्यासोबत चला. मला वाट माहीत नाही."

वाट चांगली मळलेली होती आणि मंजुळाला ती पाठ होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी येसक्का गेली.

वैदीणआजी टेकाडावर राहायची. तिनं येसक्काची बोटं एकेक करून चाचपली, फार हळू, गरम भांडं धरल्यासारखी. मग विचारलं, "सकाळी किती वेळ आखडलेली असतात?"

"ऊन विहिरीपाशी येईपर्यंत."

"भूक?"

"लागत नाही."

"अंगात कणकण?"

"असते."

"हा आमवात आहे," वैदीणआजी म्हणाली. "माश्यांचा यात काही दोष नाही, बिचाऱ्यांना उगाच बदनाम केलंस. ऐक. मुळापासून काढून टाकीन असं मी म्हणत नाही, तसं मला येत नाही. पण दुखणं हलकं करता येईल आणि हात चालते ठेवता येतील. वाळू तापवून पुरचुंडीनं कोरडा शेक घ्यायचा, सकाळ-संध्याकाळ. सुजेवर तेल चोळत बसायचं नाही. सुंठीचा काढा, वर मी देते ते एरंडाचं तेल, जेवढं सांगते तेवढंच. अन्न गरम आणि हलकं. हात लाल झाला, तापला, की काम बंद. ओसरला, की बोटं रोज हळूहळू उघडायची आणि मिटायची, नाहीतर ती विसरतात."

"किती दिवसांत उतार पडेल?"

"दिवस मोजू नकोस. पावसाळे मोज."

येसक्काचा चेहरा उतरला. "आजी, दोर चढायला एकवीस दिवस राहिलेत."

"मग गाठीला समोर कुणाला तरी बसव. निम्मा भार गेला की निम्मं दुखणं तिथंच जाईल. हेही औषधच आहे, बाकीच्यांपेक्षा स्वस्त आणि बाकीच्यांपेक्षा कडू."

येसक्का उठली. आजीनं बांधून दिलेली औषधांची पुरचुंडी तिनं घेतली, पण उतरताना ती मंजुळाच्या हातात दिली आणि घरी आल्यावर पुन्हा मागितली नाही.

चार दिवसांनी आठवड्याच्या बाजारात एक फिरता लेपवाला आला. समोर बारक्या बारक्या शिंपल्या मांडलेल्या, आणि प्रत्येकीत काळा लेप. येसक्का त्याच्यापुढे उभी राहिली.

"कुठं दुखतं, आई?"

"मला नाही. माझ्या शेजारणीला."

"मग शेजारणीचे हात तुम्ही पदराखाली का धरलेत?"

येसक्कानं हात बाहेर काढले. लेपवाल्यानं काडीनं थोडा लेप तिच्या पेरांवर लावला. आधी मुंग्या आल्या, मग गार वाटलं, आणि मग तिथं काहीच उरलं नाही. जणू दुखणं घरातून उठून गेलं आणि जाताना दारही लावून घेतलं.

"आजार जातो यानं?" तिनं विचारलं.

"आजाराचं मी कुठं बोललो? मी दुखण्याचं बोलतोय. दुखणं गप्प बसेल."

तो खोटं बोलला नव्हता. येसक्कानं नुकताच वळलेला एक नवा कासरा त्याला दिला आणि पाच शिंपल्या घेतल्या.

दुसऱ्या दिवसापासून तिचे हात दुखेनात. वर्षभरात पहिल्यांदा तिनं स्वतः भाकरी थापली. चिमीला उचलून घेतलं. मंजुळा बघत राहिली.

"आत्याबाई, बरं वाटतंय?"

"बघ ना. म्हणत होते की नाही, काही झालेलं नाही."

तिसऱ्या दिवशी ती तव्यावरची भाकरी उलटत असताना काहीतरी करपल्याचा वास आला. भाकरी करपली नव्हती. येसक्कानं खाली पाहिलं, तर तिच्या करंगळीची कड तापल्या तव्याला टेकलेली होती, आणि ती कधीपासून टेकली होती ते तिला कळलंच नव्हतं. तिनं हात झटकन मागं घेतला. दुखलं नाही. म्हणूनच ती घाबरली.

मग तिनं फोडावर चिंधी गुंडाळली. लेप नाही लावला तर उद्या मुठी उघडणार नाहीत, आणि मुठी उघडल्या नाहीत तर दगडावर कुणीतरी येऊन बसेल. तिनं लेप लावला.

नवे दोर चढले. येसक्का एकटीच खांबापाशी बसली. इकडून ओढायचं, पलीकडे जाऊन दाबायचं. हात सांगितलं ते करत होते. पण ते आपले नाहीत, कुणाकडून तरी मागून आणलेत, असं तिला वाटत होतं. सातवा वेढा पडला. तिनं अंगठा गाठीवर दाबून धरला आणि थरथरीची वाट पाहिली.

काही कळलं नाही.

तिनं पुन्हा दाबलं. दुसऱ्या अंगठ्यानं दाबलं. मग डोळ्यांनी पाहिलं. गाठ दिसायला नेहमीसारखी होती. सात वेढे, एकावर एक. पंचवीस वर्षांत कधी चुकली नाही ती आजच कशी चुकेल, असं ती स्वतःशी म्हणाली. तिनं समोरच्या दगडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बसली."

तिकडून अर्थातच काही उत्तर आलं नाही.

आता ओलांडणीचा दिवस सांगायला हवा.

त्या गावांची एक रीत होती. मायगाठ ज्यानं बांधली त्याच्याच घरचं माणूस साकवावरून पहिलं चालायचं. बांधणारानं गाठीवर तळवा ठेवून उभं राहायचं. चालणारानं पाय टाकण्याआधी विचारायचं, "गाठ काय म्हणते?" आणि बांधणारानं सांगायचं, "धरते." एवढं झाल्याशिवाय कुणी साकवावर पाय ठेवत नसे. दुसऱ्याच्या जिवावर गाठ बांधू नये, म्हणून कुणा जुन्या माणसांनी ही रीत घातली होती.

दोन्ही गावं जमली. अलीकडे ढोल वाजत होता. पलीकडे वडाखाली मिठाचे बैल उभे होते आणि त्यांच्यापुढे येसक्काचा मुलगा. चार महिन्यांनी तो आपल्या लेकीला बघणार होता. दरीच्या त्या बाजूनं तो हात हलवत होता, आणि चिमी मंजुळाच्या पाठीशी लुगड्यानं बांधलेली, तिथून त्याला हात हलवत होती.

"बाबा किती बारीक झालेत!" चिमी म्हणाली.

"लांब आहेत म्हणून तसे दिसतात," मंजुळा म्हणाली.

पाटलानं ढोल थांबवला. मंजुळा साकवाच्या तोंडाशी आली, दोन्ही बाजूंचे दोर धरले आणि मागं न बघता विचारलं, "गाठ काय म्हणते?"

येसक्काचा तळवा गाठीवर होता. त्या तळव्याला ना वाख टोचत होता, ना दगडाचा गारवा लागत होता. आपल्या हाताखाली गाठ आहे हे तिला दिसत होतं, एवढंच. आत्ता बोलावं, असं तिला वाटलं. आत्ता फक्त चार शब्द बोलायचे होते. पण दोन गावं बघत होती, पलीकडे मुलगा उभा होता, आणि शेजारी तो दगड होता.

"आत्याबाई?" मंजुळानं पुन्हा विचारलं. "गाठ काय म्हणते?"

"धरते," येसक्का म्हणाली.

मंजुळानं पाय टाकला.

साकव किंचित वाकला. एक पाऊल. दोन. तीन. दोर करकरले, नवे दोर करकरतातच. सहा. सात. लोकांनी श्वास सोडला आणि ढोलवाल्यानं टिपरू उचललं. येसक्काचे डोळे मंजुळाच्या पाठीवर होते, चिमीच्या उघड्या पावलांवर होते. दहा पावलं झाली. खाली नदीचा नुसता पांढरा पट्टा दिसत होता.

येसक्काला पुढं ते कसं सुचलं, ते तिला कधीच सांगता आलं नाही. हाताला कळत नाही, तर जिथं कळतं तिथं तरी लावून बघावं, एवढंच तिच्या मनात आलं. ती वाकली आणि तिनं आपला गाल गाठीला लावला.

गालाला वाख टोचला. आणि वाखाच्या खाली काहीतरी चालत होतं. थरथर नव्हे. कातडीखालून मुंगी चालावी तसा सातवा वेढा हळूहळू सरकत होता.

"मंजुळे, थांब!"

मंजुळा जागच्या जागी थांबली. साकव तिच्यासकट डोलला.

"मागं ये. वळू नकोस. तशीच उलट्या पावली ये."

"काय म्हणते गाठ?"

"सुटतेय!"

ढोलवाल्याच्या हातातलं टिपरू खाली पडलं. मंजुळानं एक पाऊल मागं टाकलं, मग चाचपत दुसरं. पाठीवरची चिमी म्हणाली, "आई, आपण उलटं का चाललो? बाबा तिकडे आहेत."

"गप राहा, बाळा. घट्ट धर."

सातवा वेढा सुटला. दोराचं शेपूट खांबावरून सर्रकन वर गेलं आणि येसक्कानं ते दोन्ही हातांनी पकडलं. दोर तिच्या तळव्यांतून सोलत निघाला. रक्त आलं. तिला काही कळलं नाही. आणि त्याच क्षणी तिला हेही कळलं, की लेपानं दुखणं नेलं होतं, पण गेलेलं बळ परत आणलेलं नव्हतं. बोटं मिटली होती, पण मुठीत जोर नव्हता. सहावा वेढा हलला.

"कुणीतरी या!" ती ओरडली. नवरा गेल्यापासून तिनं पहिल्यांदा हे म्हटलं होतं.

माणसं धावली, पण ती साकवाच्या तोंडाकडे धावली. खांबाकडे धावली ती एकटी ठमाकाकू. येऊन ती धपकन समोरच्या दगडावर बसली, दोन्ही पाय खांबाला लावले, दोर कमरेभोवती घेतला आणि मागं रेलली.

"ओढू का दाबू? बोल लवकर, येसे!"

"ओढ!"

ठमाकाकूनं ओढला. येसक्कानं कोपर आणि गुडघा घालून वेढा दाबला.

"आता तू दाब, मी ओढते!"

"तुझ्यानं काय ओढतंय! तू नुसती सांग!"

"मग मीच दाबते. ओढ!"

सहावा वेढा थांबला. साकवावर मंजुळा पावलं मोजत येत होती. चार राहिली. तीन. पलीकडून मुलगा काहीतरी ओरडत होता, वाऱ्यानं ते अर्धंच पोचत होतं. दोन. मग तिची टाच खडकाला लागली आणि दहा हातांनी तिला आणि चिमीला आत ओढून घेतलं.

तेव्हा ठमाकाकूला दोर आणखी धरवेना, तिनं तो सोडला. उरलेले वेढे उलगडत दोर खांबावरून निसटला, आणि साकव पलीकडच्या वडाला लोंबकळत दरीच्या भिंतीवर आपटला. बराच वेळ त्याचा आवाज घुमत राहिला.

ठमाकाकूला मग आपण कुठं बसलोय ते लक्षात आलं. ती गडबडीनं उठायला लागली. "चुकून बसले गं, येसे."

"बस," येसक्का म्हणाली. "दगड रिकामाच होता."

आणि मग ती सगळ्यांच्या समोर रडली.

पाटील पुढं आला. "अक्का, लेकराचा जीव गेला असता. गाठ चुकली कशी?"

येसक्कानं सोललेले तळवे त्याच्यापुढे धरले. "गाठ नंतर चुकली. आधी मी चुकले. वर्ष होत आलं, माझे हात धरलेत. मी लेप लावून ते मुके केले. गाठ बसली की नाही ते मला कळलं नव्हतं. कळलं नव्हतं, तरी मी 'धरते' म्हणाले."

लोकांत कुजबुज झाली, आणि ती चांगली नव्हती. ज्यांनी कोरफड आणली होती त्यांनाही राग आला, की आम्हाला माश्यांचं सांगितलं. येसक्कानं सगळं ऐकून घेतलं. मंजुळानं चिमीला खाली ठेवलं, पदर फाडला आणि सासूच्या तळव्यांना बांधला.

आपटून दोर फाटले होते, ते नव्यानं वळायला दीड महिना लागला. तो दीड महिना गावानं अळणी खाल्लं. येसक्काचा मुलगा दीड महिना पलीकडच्या वडाखाली राहिला, आणि रोज सकाळी चिमी दरीच्या काठावर उभी राहून त्याला हात हलवून यायची. जेवताना प्रत्येक घासाला येसक्काला आपण काय केलं ते आठवे.

दुसऱ्याच दिवशी ती टेकाडावर गेली होती. लेप उतरला होता आणि कोंडून ठेवलेलं सगळं दुखणं एकदम परत आलं होतं.

वैदीणआजी म्हणाली, "आलीस? बस. आधी रागावते, मग हात बघते." आणि तिनं तसंच केलं.

उरलेल्या शिंपल्या आजीनं फोडून पुरल्या. हातांच्या जखमा भरेपर्यंत आजी थांबली. मग वाळूचा शेक सुरू झाला. मंजुळा सकाळी वाळू तापवी, संध्याकाळी ठमाकाकू. काढा झाला, एरंडेल झालं, हात तापला की त्या दिवशी काम बंद झालं. बोटं उघडायची आणि मिटायची, उघडायची आणि मिटायची. ठमाकाकू शेजारी बसून म्हणे, "मीट. उघड. अगं, मांजर पण पंजा यापेक्षा बरा उघडतं." कधी उतार पडे, कधी पुन्हा सूज चढे. दुखणं गेलं नाही. पण दीड महिन्यानं एका सकाळी बोटं सुटी झाली तेव्हा येसक्कानं अंगणात पाहिलं, तर ऊन विहिरीपर्यंत पोचलेलं नव्हतं. ते अजून गोठ्यापाशीच होतं.

नवे दोर चढले, तेव्हा गावानं विचारलं की मायगाठ आता कोण बांधणार. येसक्का म्हणाली, "बांधतील दोघी. मी सांगेन."

येसक्काच्या दगडावर ठमाकाकू बसली. आपल्या नवऱ्याच्या दगडावर येसक्कानं मंजुळाला बसवलं. एकीनं ओढलं, एकीनं दाबलं. येसक्का मध्ये उभी राहिली. सातव्या वेढ्याला तिनं आपला वाकडा, सुजरा अंगठा गाठीवर ठेवला. अंगठ्यातून एक कळ आली. आणि कळेच्या मागून, बारीकशी, ती थरथर आली.

"बसली," ती म्हणाली.

मंजुळा समोरच्या दगडावरून म्हणाली, "बसली तर चला, आत्याबाई. भाकरी गार होतेय."

येसक्कानं अंगठा गाठीवरून उचलला. मग म्हणाली, "चल."

त्या वेळी साकवावरून पहिली चालली ती येसक्का स्वतः. दोर धरताना तिची बोटं दुखत होती, आणि दुखत होती म्हणून दोर तिला नीट कळत होता. तिनं विचारलं, "गाठ काय म्हणते?" मंजुळानं गाठीवर तळवा ठेवला, मग वाकून गालही लावला, आणि सांगितलं, "धरते." पलीकडे मुलगा मिठाच्या बैलांपुढे उभा होता.

तेव्हापासून त्या गावांत मायगाठ दोघांनीच बांधायची आणि गाल लावूनच उत्तर द्यायचं अशी रीत पडली. दगड दोन्हीही कधी रिकामे राहिले नाहीत.

मुलांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुखणं मुकं केल्यानं बरं होत नाही, पण ते सांगितलं तर त्याला दुसऱ्याचा हात मिळतो.